क्रिएटिनिन एक आणि एसटीची पहिली पायरी

२०२४ च्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात कऱ्हाड स्टँडवर पुण्याच्या गाडीची पहिली पायरी मला चढता आली नाही. गाडी अर्धी रिकामी होती, मागून रेटा नव्हता, हातात एकच पिशवी होती. उजवा पाय पायरीवर ठेवला, दांडा धरला आणि अंग वर घ्यायला गेले, तर अंग वर येईचना. दुखलं खुपलं काही नाही. मांडीत ताकदच नव्हती. मागच्या बाईनं कमरेला हात लावून मला वर ढकललं, तेव्हा मी सीटवर बसले. माझं वजन तेव्हा सेहेचाळीस किलो होतं. एवढंसं वजनही माझे स्वतःचे पाय उचलू शकत नव्हते, हे मला सातारा येईपर्यंत कळत होतं आणि पटत नव्हतं.

पिशवीत लेकीनं मागवलेली माझी फाईल होती. त्यात आदल्याच आठवड्याचा रक्ताचा रिपोर्ट. क्रिएटिनिन १.०. किडनी ठीक चालते का ते या आकड्यावरून बघतात. पुढे छापलेली मर्यादा ०.६ ते १.१. कागदावर मी ठणठणीत होते.

आता मागे वळून बघते तेव्हा खुणा खूप आधीपासून दिसतात. सुती साडीला पिळा देताना मधेच मनगटं सैल पडायची आणि साडी दोरीवर टाकली की खाली पाण्याची धार लागायची. लोणच्याच्या बरणीचं झाकण शेजारच्या मुलाकडून उघडून घ्यायची सवय लागली होती. गौरी बसवताना मी खाली बसले ती पाटाला, भिंतीला, शेवटी सोफ्याच्या पायाला धरून उठले. उकिडवं बसणं तर दोन वर्षांपूर्वीच सुटलं होतं; घरातला जुन्या पद्धतीचा संडास बदलून घेतला आणि त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. एकतीस वर्षं मी हायस्कुलात मराठी शिकवलं. दिवसाला पाच-सहा तास उभं राहून, हात खांद्याच्या वर धरून फळा लिहिला. त्या हातांना आता बरणी उघडत नाही याला मी 'वय' असं नाव देऊन टाकलं होतं. भोवतालच्या सगळ्यांनीही तेच नाव दिलं.

आणखी दोन गोष्टी मी करत होते, त्या इथे सांगायलाच हव्यात. गुडघे दुखायचे म्हणून औषधाच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणायचे. आठवड्यातून तीन-चार दिवस, कधी सलग. चिठ्ठी कुणी मागितली नाही, मीही कुणाला सांगितलं नाही. दुसरी गोष्ट जेवणाची. २०१९ साली हे गेले. एका माणसासाठी रात्री आमटी-भाकरी कोण करतं? दूधभात, नाहीतर चहाबरोबर दोन खाऱ्या. त्यात एकदा पायाच्या घोट्यावर सूज दिसली, तर ओळखीतल्या एका बाईंनी सांगितलं की किडनीला डाळ वाईट, डाळ बंद करा. मी केली. घट्ट वरण गेलं, मटकीची उसळ गेली, अंडं तर सकाळच्या घाईत कधीच मागे पडलं होतं.

किडनी दाखवायला मी पुण्याला गेलेच नव्हते. पाय दाखवायला गेले होते. लेकीनं वृद्धांच्या आजारांच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली होती. असे वेगळे डॉक्टर असतात हेही मला तोवर माहीत नव्हतं. तिशी-पस्तिशीतल्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी फाईल उघडली नाही. आधी म्हणाल्या, "आजी, त्या खुर्चीवर बसा. हात छातीवर घडी घालून ठेवा. आता हात न लावता पाच वेळा उठा आणि बसा. मी घड्याळ लावते."

पहिल्यांदा उठले. दुसऱ्यांदा उठले. तिसऱ्या वेळी हात आपोआप खुर्चीकडे गेला, त्यांनी "हात नको" म्हणून थांबवलं. पाचवी वेळ झाली तेव्हा मला धाप लागली होती. एकोणीस सेकंद. मग हातात एक यंत्र दिलं, पंजात धरून आवळायचं, वर काटा फिरतो. डायनॅमोमीटर. कोपर अंगाला टेकवून काटकोनात, दोन्ही हातांनी, पुन्हा पुन्हा. माझा सगळ्यांत चांगला आकडा उजव्या हाताचा, चौदा किलो. पोटरीला टेप लावली, एकोणतीस सेंटिमीटर. मग बाहेरच्या बोळात सहा मीटरवर खूण केलेली होती, तिथं नेहमीच्या चालीनं चालायला लावलं.

त्यांनी कागदावर माझे आकडे आणि शेजारी हवे ते आकडे लिहून दिले. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१९ साली आपल्याकडच्या शरीरयष्टीसाठी ठरवलेल्या त्या रेषा आहेत. पकड बाईची अठरा किलोच्या खाली नको, पुरुषाची अठ्ठावीसच्या. पाच उठाबशांना बारा सेकंदांहून कमी वेळ लागावा. चाल सेकंदाला एक मीटरच्या खाली नको. पोटरी बाईची तेहेतीस, पुरुषाची चौतीस सेंटिमीटर. मी चारही ठिकाणी रेषेच्या पलीकडे होते. "याला सार्कोपेनिया म्हणतात," त्या म्हणाल्या. शब्द ग्रीक आहे, मांस आणि उणीव या दोन शब्दांचा जोड. १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञानं तो सुचवला. मराठीच्या बाईला याचं काय करायचं, पण मला त्या शब्दानं धीर आला. ज्याला नाव आहे त्याच्याकडे बघता येतं. 'वय' या शब्दाकडे बघून काही करता येत नव्हतं.

मग त्यांनी फाईल उघडली. रिपोर्ट चाळताना त्या आकड्यांपेक्षा कागदांच्या कडा जास्त वाचत होत्या. आमच्या कऱ्हाडच्या डॉक्टरांची सवय, दर भेटीला चिठ्ठीच्या कोपऱ्यात वजन लिहायचं. त्याचे त्यांचे उपकार मी मानते. डॉक्टरबाईंनी एका कोऱ्या कागदावर तीन ओळी काढल्या. २०१३, वजन ५८, क्रिएटिनिन ०.९. २०१८, वजन ५३, क्रिएटिनिन १.०. २०२४, वजन ४६, क्रिएटिनिन १.०.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "वजन उतरलं. किडनी तशीच आहे."

"बारा किलो उतरलं. त्यात स्नायू किती गेले ते तुमची पोटरी सांगतेय. मग क्रिएटिनिन उतरायला हवं होतं की नाही?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी जे समजावलं ते मी नंतर लेकीला, शेजारणीला, भिशीतल्या सगळ्यांना सांगितलं आहे, आणि इथेही सावकाश सांगते, कारण माझ्या सगळ्या गोष्टीचा जीव त्यात आहे.

क्रिएटिनिन किडनीत तयार होत नाही. ते स्नायूंत तयार होतं. स्नायूंना झटक्यात ताकद लागते तेव्हा कामी येणारा क्रिएटिन नावाचा पदार्थ आपल्या शरीरात असतो, त्यातला जवळजवळ सगळा, शंभरातले पंच्याण्णव भाग, स्नायूंतच. त्यातला दीड-दोन टक्का रोज आपोआप मोडतो आणि त्याचं क्रिएटिनिन होतं. ते रक्तात येतं, किडनी ते गाळून लघवीत टाकते. म्हणजे रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो, किती येतंय आणि किती जातंय. घागरीतलं पाणी त्याच पातळीवर दिसतंय म्हणून खालचं भोक बुजत चाललेलं नाही असं म्हणता येत नाही. वरून नळही बारीक झालेला असू शकतो.  माझी किडनी गाळायला कमी पडत होती, त्यानं क्रिएटिनिन चढायला हवं होतं. पण माझे स्नायू झिजले होते, क्रिएटिनिन तयारच कमी होत होतं. दोन्ही बाजूंनी एकदमच घसरण चालू होती आणि मधला आकडा अकरा वर्षं 'एक'च्या आसपास शांत बसून राहिला.

रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर म्हणून एक आकडा असतो. किडनी मिनिटाला किती रक्त गाळून साफ करते याचा तो अंदाज. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष, एवढ्यावरून तो सूत्रानं काढतात. साठच्या खाली तीन महिन्यांहून जास्त काळ राहिला तर जुनाट किडनीविकार म्हणतात. माझा साठ होता. अगदी रेषेवर. पण त्या सूत्राला माझे हात-पाय दिसत नाहीत. एकाहत्तर वर्षांच्या बाईचे स्नायू साधारण एवढे असतील असं धरून ते चालतं. माझे तेवढे नव्हते.

"म्हणून एक वेगळी तपासणी करू," त्या म्हणाल्या. "सिस्टॅटिन सी."

हे प्रथिनही किडनीच गाळते, पण ते शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी तयार करतात, त्यामुळे स्नायू किती आहेत याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. त्यालाही फसवणाऱ्या गोष्टी आहेत, थायरॉइडचा बिघाड, स्टिरॉइडच्या गोळ्या, अंगातला दाह, लठ्ठपणा, धूम्रपान. म्हणून त्यांनी आधी थायरॉइड तपासला. तो ठीक होता. सिस्टॅटिनला हजाराच्या वर पैसे गेले. लेकीनं भरले आणि मला आकडा सांगितला नाही. मी पावती शोधून बघितली.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. सिस्टॅटिन १.६. नुसत्या त्यावरून काढलेला ईजीएफआर ३७. क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन दोन्ही धरून काढला तर ४७. दोन्ही धरलेला आकडा जास्त विश्वासाचा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा आकडा ११०, तो तीसच्या आत हवा. (हा आकडाही लघवीतल्या क्रिएटिनिननं भागून काढतात. भाजक लहान झाला की उत्तर मोठं दिसतं, म्हणजे स्नायू कमी असले की तो थोडा फुगतो. पण ११० नुसत्या भागाकारानं होत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.) हिमोग्लोबिन १०.२. ड जीवनसत्त्व १४. बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातलं आम्ल आवरणारा क्षार, २०, ते साधारण बावीसच्या वर असावं.

मी साठवरून सत्तेचाळीसवर आले. एका कागदानं. रात्री लेकीकडे झोप लागली नाही. मला डायलिसिसचं मशीन दिसत होतं. सकाळी चहाच्या वेळी लेक म्हणाली, "आई, तुझी किडनी काल रात्रीत खराब झाली नाही. कळलं काल." हे वाक्य मी धरून ठेवलं.

दुसऱ्या भेटीत मी माझा खरा प्रश्न विचारला. माझे पाय गेले म्हणून किडनीचा आकडा फसवा आला, हे समजलं. पण किडनी बिघडली म्हणून पाय गेले, असंही असतं का?

असतं. दोन्ही वाटा असतात, आणि माझ्या अंगात दोन्ही चालू होत्या. किडनीचं एक मोठं काम म्हणजे शरीरातलं आम्ल बाहेर टाकणं. ते कमी पडलं की शरीर दुसरी सोय बघतं. स्नायूंतलं प्रथिन मोडतं, त्यातून जे घटक सुटतात त्यांचा अमोनिया करून किडनी आम्ल लघवीवाटे काढते. थोडक्यात, आम्ल धुण्यासाठी शरीर स्वतःचं मांस खर्च करतं. माझं बायकार्बोनेट वीस होतं ते याचंच चिन्ह. दुसरं, ड जीवनसत्त्वाला शेवटचं कामाचं रूप किडनीतच मिळतं. ते कमी पडलं की मांड्यांची, कमरेची ताकद आधी जाते. तिसरं, रक्त तयार करण्याचा निरोप हाडांच्या मगजाला किडनी देते. तो निरोप क्षीण झाला की हिमोग्लोबिन उतरतं आणि जिना चढताना धाप लागते. धाप लागते म्हणून माणूस जिना टाळतो. भूक मंदावते. इन्शुलिनचं ऐकायला स्नायू कुरकुरतात. या सगळ्यात मी वर दुखण्याच्या गोळ्यांची भर घालत होते, ज्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठाच कमी करतात. गुडघा दुखतो म्हणून चालत नव्हते आणि गुडघा दुखतो म्हणून गोळी घेत होते. एकाच गुडघ्यानं पायही नेले आणि किडनीही.

गोळ्या त्या दिवशी बंद झाल्या. फार दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही सांगितलेल्या मापात. रक्तदाबाची गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली, कारण ती लघवीतलं अल्ब्युमिनही आवरते. तिनं पोटॅशियम चढू शकतं म्हणून दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासलं. ड जीवनसत्त्वाची आठवड्याला एक पुडी, दुधातून. लोह. आम्लासाठी सोड्याच्या गोळ्या त्यांनी लगेच दिल्या नाहीत. त्यात सोडियम असतं, मला रक्तदाब आहे, घोट्यावर सूज येते. पोटॅशियम ठीक आहे तोवर भाज्या-फळांचं प्रमाण वाढवून बघू म्हणाल्या. लोणचं-पापड गेलं. मिठाचं माप दिवसाला पाच ग्रॅमच्या आत.

आणि डाळ परत आली.

यावर मात्र घरात वाद झाला. लेकीच्या सासूबाई म्हणाल्या, किडनीच्या माणसाला प्रथिनं कमीच देतात. त्यांचं चूक नव्हतं. माझ्याच डॉक्टरबाईंनी सांगितलं की किडनीचा त्रास या टप्प्यावर असलेल्यांना किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिन सांगतात, आणि १.३ च्या वर जाणं टाळायला सांगतात. पण वृद्ध, वाळलेल्या, ताकद गेलेल्या माणसासाठी हे माप थोडं वर नेण्याचा विचार करावा, असं किडनीविकारावरच्या २०२४ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांतच म्हटलं आहे. माझ्यासाठी त्यांनी किलोमागे एक ग्रॅम ठरवलं, म्हणजे दिवसाला सेहेचाळीस. आहारतज्ज्ञ मुलीनं माझा आदल्या तीन दिवसांचा आहार विचारून मांडला. मी पंचवीस-सव्वीस ग्रॅम खात होते. म्हणजे किडनीसाठी म्हणून कमी करायचं जे माप, त्याच्याही पुष्कळ खाली मी आधीच उतरले होते. कुणीही न सांगता. किंवा चुकीच्या कुणीतरी सांगून.

सेहेचाळीस ग्रॅम म्हणजे किती हे ताटात बघितल्याशिवाय कळत नाही. एका अंड्यात सहा. पेलाभर दुधात सहा-सात. वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढंच. पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊ. ज्वारीच्या एका भाकरीत चार-पाच. मुलीनं एक अट घातली, सगळं दुपारी खाऊन रात्री दूधभात असं चालणार नाही, तिन्ही वेळा वाटून हवं. म्हणून मी रात्रीचा स्वयंपाक पुन्हा सुरू केला. यांच्या माघारी पाच वर्षांनी. कुळथाचं पिठलं, मटकी, कधी अंड्याची पोळी. पहिल्या आठवड्यात एक घासही उतरत नव्हता, ताटासमोर बसून डोळ्यांत पाणी यायचं. मग शेजारची मुलगी, कॉलेजात जाते, तिला रात्री माझ्याकडे जेवायला बोलवायला लागले. दोघींचा स्वयंपाक करायला हात वळतात. औषधांच्या चिठ्ठीवर हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण माझं वजन वाढायला तिथून सुरुवात झाली.

व्यायाम कऱ्हाडला केला. फिजिओथेरपिस्ट निघाला माझाच विद्यार्थी, नववीत मी त्याला शिकवलं होतं. "बाई, तुम्ही आम्हाला बाकावर उभं करायचात, आता तुम्हाला मी खुर्चीवरून उभं करणार," म्हणाला. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस विसावा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर, उठायचं, आणि बसताना धपकन बसायचं नाही, चार मोजत बसायचं. बसणंच जास्त अवघड. मांड्या थरथरतात. सुरुवातीला सहा वेळा, दोनदा. ओट्याला धरून टाचा उचलणं. पायात रबरी पट्टा अडकवून पाय बाजूला नेणं. पाण्याची बाटली हातात घेऊन उचलणं, अर्ध्या लिटरपासून एक लिटरपर्यंत. पकडीसाठी ओला टॉवेल पिळायचा, एकदा या दिशेनं, एकदा त्या. माझी साडीच ती, फक्त मोजून. सोपं झालं की तो वाढवायचा. "बाई, सोपं वाटतंय म्हणजे उपयोग होत नाहीये," हे त्याचं पालुपद.

बाकीच्या दिवशी चालणं, प्रीतिसंगमावर. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात ते ठिकाण, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ. पहाटे तिथं बरीच मंडळी येतात. आठवड्याला दीडशे मिनिटं करायची होती. मी दहा-दहा मिनिटांनी सुरुवात केली. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, इतकी चाल. घाटाच्या पायऱ्या मात्र पहिले दोन महिने मी नुसत्या बघितल्या.

फेब्रुवारीत पुन्हा रक्त. तीन महिने पुरे झाले, आकडे जवळपास तेच, म्हणजे जुनाट किडनीविकार, टप्पा तिसरा, त्यातला पहिला भाग, असं निदान पक्कं झालं. पहिल्यांदा ते ऐकताना हातपाय गळाले होते, आता गळाले नाहीत. कारण त्याच दिवशी खुर्चीचे एकोणीस सेकंद पंधरावर आले होते, आणि पकड चौदाची साडेपंधरा झाली होती.

खरी परीक्षा मेमध्ये झाली. सहा महिन्यांची तपासणी. रिपोर्ट मोबाइलवर आला तो मी एकटीनं उघडला. क्रिएटिनिन १.१. ईजीएफआर ५४. सहा महिन्यांपूर्वी साठ होता. मी गार पडले. इतकं केलं, डाळ खाल्ली, अंडी खाल्ली, आणि किडनी सहानं उतरली. लेकीच्या सासूबाईंचे शब्द आठवले. त्या रात्री मी वरण केलं नाही. शेजारची मुलगी आली, तिला म्हटलं आज दूधभात खा. ती काही बोलली नाही, खाल्ला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, "आदल्या रात्री काय जेवलात?" पाहुणे आले होते, मटण होतं. शिजवलेल्या मांसातून क्रिएटिनिन सरळ पोटातून रक्तात येतं. शिवाय ०.१ चा फरक यंत्राचाही असू शकतो. आणि तिसरं, ज्याचा मी विचारच केला नव्हता. "तुमचं वजन आता किती?" अठ्ठेचाळीस पूर्णांक दोन. "पोटरी?" तीस आणि वर थोडी. "मग स्नायू वाढलेत, तर क्रिएटिनिन तयारही जास्त होणार ना? नोव्हेंबरात ज्यामुळे आकडा खोटा चांगला दिसला, तेच आता उलट चाललंय. सिस्टॅटिन बघू, मग बोलू."

सिस्टॅटिन आलं १.५५. त्यावरून ईजीएफआर ३९, पूर्वी ३७ होता. सुधारली असं डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत, एवढा फरक फरक नव्हे. उतरली नाही, एवढंच. अल्ब्युमिन ११० वरून ६० वर. बायकार्बोनेट बावीस. मी मात्र त्या एका रात्रीच्या वरणासाठी अजून हळहळते. एका आकड्यानं मला घाबरवलं आणि मी लगेच ताटातून तेच काढून टाकलं ज्यानं मला उभं केलं होतं. माझ्यासारखं किती जणी करत असतील. रिपोर्टवर ठळक अक्षरात काही आलं की आपण आधी जेवणातलं काहीतरी सोडतो, विचारत नाही.

आता माझी एक वही आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वजन, पोटरी, पाच उठाबशांचे सेकंद. दर तीन-चार महिन्यांनी रक्त; आदल्या रात्री मांस-मासे नाहीत. वर्षातून एकदा सिस्टॅटिन. उठाबशांचे सध्या तेरा सेकंद, बाराची रेषा अजून पुढे आहे. पकड सतरा, अठराला एक किलो कमी. घाटाच्या पायऱ्या कठड्याला न धरता उतरते, चढताना अजून धरते.

गेल्या महिन्यात पाटणला थोरल्या बहिणीकडे गेले होते. एसटीनं गेले, कुणी ढकललं नाही. ताई अठ्ठ्याहत्तरची. जेवताना तिनं नुसता भात आणि ताक घेतलं. म्हणाली, "मला काही नाही गं, सहा महिन्यांपूर्वी सगळं तपासलं. किडनी पण. माझं तर पॉइंट आठ आहे, तुझ्याहून बरं." मी तिच्या मनगटाकडे बघत होते. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. वजन विचारलं, भाच्यानं सांगितलं अडतीस.

दुपारी तिला लाकडी खुर्चीवर बसवलं. खुर्ची भिंतीला टेकवली, भाच्याला शेजारी उभा केला. "ताई, हात छातीवर. हात न लावता पाचदा उठ."

दोनदा उठली. तिसऱ्या वेळी अर्ध्यात गेली आणि परत बसली. हसली, मग हसणं थांबलं. "येईना गं," म्हणाली.

मी भाच्याला तिचे जुने कागद काढायला सांगितले, कोपऱ्यात वजन लिहिलेले. चार सापडले. पुण्याची वेळ येत्या गुरुवारची मिळाली आहे. ताईनं एवढंच विचारलं, दवाखान्याला पायऱ्या किती आहेत. सात आहेत, आणि उजव्या हाताला कठडा आहे.